खाली कोण उभं आहे?

ज्या माणसाच्या हातून मी मरता मरता वाचलो, त्याला आमचा अख्खा कारखाना ‘सावकाश’ म्हणतो. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे दाजी. कारखान्यात एकेरी आणि घरी अहो-जाहो ही कसरत मी वर्षानुवर्षं करत आलोय. इथे मात्र दाजीच म्हणतो, उगाच ताईच्या शिव्या नकोत.

आम्ही लोखंडाच्या मोठाल्या टाक्या बनवतो. शेडच्या छपराखाली दोन्ही भिंतींवर रूळ, रुळांवर आडवी क्रेन, आणि क्रेनच्या एका टोकाला लटकलेली काचेची केबिन. दाजी त्या केबिनमध्ये, मी खाली. खालचा माणूस लोडला पट्टे बांधतो आणि हाताने इशारे करतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मूठ आवळून हात वर केला की थांब. लोकांना वाटतं वरच्याला सगळं दिसतं. काही दिसत नाही. त्याला लोडचा माथा दिसतो. लोडच्या पलीकडे काय आहे ते त्याला खालच्याच्या हातावरूनच कळतं. म्हणून वरचा आणि खालचा यांची जोडी जमावी लागते. आमची तर लग्नामुळेच जमलेली, फक्त लग्न ताईचं होतं.

‘सावकाश’ हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं. कोणी घाई केली की वरून आवाज यायचा, “सावकाश. पळून चाललंय का ते?” पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मुलगी पसंत आहे का याचं उत्तर द्यायला त्यांनी एवढा वेळ लावला की आईने चहा परत गरम करायला ठेवला. पण लिव्हरवर हात असा की विचारू नका. एकदा फोरमनने पैजेखातर टाकीच्या माथ्यावर भरलेला चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, ने आता त्या टोकाला. दाजींनी नेली. कप उतरवून फोरमन म्हणाला, “सांडला नाही हे खरं, पण गार झाला.” असा माणूस. ज्याला शिवी येत नाही आणि ज्याला राग यायलासुद्धा आदल्या दिवशी कळवावं लागतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

मागची दोन-तीन वर्षं हा माणूस जरा बदलला होता. अंगाने सुटला. केबिनमध्ये एक पत्र्याचा डबा ठेवायचा, त्यात बिस्किटं, आणि दर थोड्या वेळाने तोंड चालू. “वर बसून उंदीर झालाय,” असं आम्ही म्हणायचो. कधी सकाळी सकाळी शब्द सापडायचे नाहीत, एकदा फोरमनला ‘बाई’ म्हणाले, आणि तो जोक आम्ही कितीतरी दिवस पुरवून वापरला. दोन बिस्किटं खाल्ली की गडी परत ताळ्यावर. कोणाच्या मनात काही आलं नाही. भूक सहन होत नाही, एवढंच.

आणि ताईचे फोन. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी मधूनच फोन करायची. “हेल्मेट घातलंस का?” बास, एवढंच विचारायला. मी चाळिशीचा बाप्या, आणि ही माझं दप्तर भरल्यासारखी चौकशी करणार. मी फोन कानापासून लांब धरून सगळ्यांना ऐकवायचो आणि सगळे हसायचे.

त्या दिवशीही फोन आला. हेल्मेटचं विचारून झालं आणि मग म्हणाली, “आज रजा घे ना रे.”

“का?”

“असंच. डोकं दुखतंय म्हण.”

“माझं डोकं चांगलं आहे. तुझ्या नवऱ्याला सांग रजा घ्यायला,” मी म्हटलं.

 मी फोन ठेवला.

टाकीचं झाकण उचलायचं होतं. घुमटासारखं, एका माणसाला उताणं झोपता येईल एवढं मोठं, सगळं जाड पोलादाचं. मी पट्टे बांधले, बाजूला झालो, हात वर केला. झाकण उठलं. खांबाजवळ आल्यावर मी मूठ आवळली. थांब.

झाकण थांबलं नाही.

मला आधी वाटलं मीच चुकीचा इशारा केला. एवढा माझा त्यांच्यावर विश्वास. मी स्वतःच्या मुठीकडे बघितलं. मूठ बरोबर होती. झाकण माझ्या दिशेने येत होतं, वाकडंतिकडं झोके खात. मी मागे उडी मारली ती थेट पट्ट्यांच्या ढिगाऱ्यावर, आणि मी जिथे उभा होतो तिथून ते झाकण गेलं, खांबाला घासलं, ठिणग्या उडाल्या आणि मग ते तसंच लटकत हलत राहिलं. मी वर बघितलं. काचेतून दाजी माझ्याकडे बघत होते आणि हसत होते.

शिडी कशी चढलो ते आठवत नाही. केबिनचं दार उघडलं तर घामाचा वास. शर्ट पिळून काढावा इतका ओला, बटणं उघडी, हात थरथरत लिव्हरवर. मी आधी मुख्य स्विच पाडला. म्हटलं, “दाजी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला अशी शिवी दिली की ती मी इथे लिहिणार नाही. मग म्हणाले, “तू कोण? इथे कोणी सोडलं तुला?” माझ्या ताईचा नवरा, ज्याच्या ताटात मी जेवलोय, तो मला विचारत होता तू कोण.  

फोरमन आला, नाक पुढे करून वास घेतला. दारू पिऊन आलाय हे त्याने चढतानाच ठरवलेलं. त्याने सीटखालचा डबा ओढून काढला आणि बाटलीच्या आशेने उघडला. डबा रिकामा होता. तळाशी बिस्किटांचा चुरा. मागून कळलं, रात्रपाळीच्या ऑपरेटरला भूक लागली होती म्हणून त्याने खाऊन टाकली होती. माझा जीव चार बिस्किटांवर लटकलेला होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 

कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरने फुंकर मारायचं यंत्र तोंडाला लावलं. दारूचा थेंब नाही. मग बोटाला टोचून रक्तातली साखर बघितली, यंत्राकडे बघितलं, दुसरं यंत्र मागवलं आणि परत टोचलं. नंतर तो जो पळाला तो शिरेत ग्लुकोज लावूनच थांबला. थोड्या वेळाने दाजींच्या तोंडावर रंग आला, डोळे उघडले आणि त्यांनी मला ओळखून विचारलं, “झाकण उतरवलं ना रे?”

काय झालं ते त्यांना काहीच आठवत नव्हतं. शिडी चढल्याचंसुद्धा.

तेवढ्यात ताई आली. तिला फोनवर फक्त ‘बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगितलं होतं. दारातून आत आली, कोणाकडे न बघता पलंगाशी गेली आणि डॉक्टरला म्हणाली, “ह्यांना साखर दिलीत का?” बोलता बोलता तिने पर्समधून पाण्याची छोटी बाटली काढली. पाणी गढूळ होतं. साखरेचं पाणी.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. मी पण.

“तुला कसं माहीत?” मी विचारलं.

ताईने बाटली परत पर्समध्ये ठेवली. मग सगळं सांगितलं. दोन-एक वर्षांपासून दाजी सकाळी हाका मारून उठत नव्हते. उठले तर भलतंसलतं बोलायचे, भिंतीशी भांडायचे, एकदा तिच्या अंगावर धावून गेले. एक दिवस घाबरून तिने तोंडात साखरेचं पाणी चमच्याने घातलं आणि ते माणसात आले. तेव्हापासून रोज पहाटे ती पाजायची, ते उठायचे, काही न आठवता आंघोळीला जायचे. बिस्किटांचा डबा तिचाच. त्यांना तिने सांगितलं होतं, तुम्हाला ॲसिडिटी आहे, पोट रिकामं ठेवू नका. ते खात होते. सावकाश माणूस, सांगितलं ते ऐकतो.

“डॉक्टरकडे का नाही नेलंस?”

“फिट येतात म्हणाले असते. डोक्याचं काहीतरी आहे म्हणाले असते. मग क्रेनवर कोणी चढू दिलं असतं? क्रेन सोडून ह्यांना दुसरं काय येतं?”

“आणि खाली कोण उभं असतं, माहीत होतं ना तुला?”

ती पलंगावरची चादर सारखी करायला लागली.

“ताई, मी उभा असतो खाली. तुझा भाऊ. तू रोज पाजून ह्यांना माझ्या डोक्यावर पाठवत होतीस. मला एका शब्दाने सांगता आलं नाही?”

“सांगितलं असतं तर तू फोरमनला सांगितलं असतंस,” ती म्हणाली. “सांगायलाच हवं होतं तुला. म्हणून नाही सांगितलं.”

 लहानपणी मला कडेवर घेऊन फिरणारी ही बाई. मी फोरमनकडे गेलो आणि सांगितलं, मी ह्या माणसाच्या क्रेनखाली पुन्हा उभा राहणार नाही. मला स्टोअरमध्ये टाका. त्याने टाकलं.

ताईशी बोलत नसलो तरी दवाखान्याच्या खेपा मीच केल्या. आमच्याकडे भांडण वेगळं आणि दवाखाना वेगळा. मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी दाजींना मुद्दाम उपाशी ठेवलं. साखर आपोआप किती खाली जाते ते बघायचं आणि तेव्हाच रक्त घ्यायचं, अशी ती तपासणी. नर्सने ताईची पर्स तपासली, बाटली काढून घेतली, साखरेच्या पुड्याही काढून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींना घाम फुटला. मग बडबड सुरू झाली. ताईकडे बोट दाखवून ते नर्सला म्हणाले, “ही मला मारायला बसलीये. विचारा तिला, पाणी का देत नाही.” ताईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. एवढी वर्षं ज्या हातांनी पाजलं ते हात. नर्स रक्त घेत होती, नळ्या बदलत होती, आणि मला वाटत होतं, बाई, पुरे कर, दे त्याला साखर. मी ताईवर संतापलेला माणूस, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

स्कॅनमध्ये गाठ सापडली. स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या टोकाला. जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं म्हणे ते. ही गाठ बसल्या बसल्या इन्सुलिन बनवत होती, गरज असो-नसो, आणि रक्तातली साखर खाऊन टाकत होती. दहा लाखांत एखाद्या-दुसऱ्याला होते, असं सर्जनबाई म्हणाल्या. कॅन्सर वाटत नव्हता. शेंगदाण्याएवढी. मी दोनदा विचारलं, शेंगदाण्याएवढी? टाकीची टनभर झाकणं लीलया नेणाऱ्या माणसाला एका शेंगदाण्याने गुडघ्यावर आणलं होतं. भिंतीशी भांडणारे, बायकोच्या अंगावर जाणारे, मला शिवी देणारे ते दाजी नव्हतेच.

सर्जनबाई बुटक्याशा, हळू बोलणाऱ्या. म्हणाल्या, ऑपरेशन रोबोने करू. ते ऐकून मी उडालोच. मला वाटलं माणसं बाहेर जातात आणि यंत्र पोट फाडतं. त्यांनी समजावलं. यंत्र स्वतःहून काहीच करत नाही. पोटाला चार-पाच बारीक भोकं, त्यांतून यंत्राचे बारीक हात आत. बाई खोलीच्या कोपऱ्यात बसणार, डोळे एका खिडकीला लावून, बोटं लिव्हरमध्ये अडकवून. त्या बोट हलवतील तेवढंच आतलं अवजार हलणार, तेही थरथर गाळून. गाठीला लागूनच प्लीहेची रक्तवाहिनी होती. ती न दुखवता गाठ सोडवायची तर असा हात बरा.

दाजी सगळं ऐकत होते. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडी ओळखीची खूण दिसली.

“म्हणजे तुम्ही केबिनमध्ये,” ते म्हणाले.

“तसंच काहीसं.”

“मग खाली कोण उभं असतं?”

बाईंना कळेना. मी सांगितलं, आमच्यात वरच्याला सगळं दिसत नाही, म्हणून खाली एक माणूस लागतो. बाई हसल्या, दारातून एका उंच, तरुण डॉक्टरला बोलावलं. “हा. हा पेशंटच्या शेजारी उभा असतो. अवजारं बदलतो, रक्त आलं तर आधी ह्याच्या लक्षात येतं.”

दाजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. सावकाश. मग विचारलं, “तुम्ही थांबा म्हणालात तर बाई थांबतात का?”

तरुण डॉक्टरने बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, “थांबते. थांबावंच लागतं.”

“मी थांबलो नव्हतो,” दाजी म्हणाले.

त्या प्रसंगाबद्दल त्यांनी तोवर चकार शब्द काढला नव्हता. आठवतच नव्हतं तर काय बोलणार. त्यांना लोकांनी सांगितलेलं, आणि ते त्यांनी मनात ठेवलेलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मग म्हणाले, “सही कुठे करायची?” मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि ताई बाहेर बसलो, मध्ये एक खुर्ची सोडून. समोर एक बाई फरशी पुसत होती, आणि ओलं सुकलं की परत पुसत होती. मग ताई बोलली, समोर बघत.

“मी तुला फोन करायचे ना.”

“हेल्मेटचे.”

“रोज नाही करायचे मी. सकाळी हे एका वेळच्या साखरेने उठायचे तेव्हा नाही करायचे. ज्या दिवशी दोनदा, तीनदा पाजावं लागायचं, त्या दिवशी करायचे.”

मी तिच्याकडे बघितलं. सगळे फोन एकदम कानात वाजायला लागले. फोन लांब धरून सगळ्यांना ऐकवलेले. हसलेलो. त्या शेवटच्या दिवशी रजा घे म्हणाली आणि मी म्हटलं तुझ्या नवऱ्याला घ्यायला सांग. इशारे ओळखून माझं पोट भरतं, आणि ही कितीतरी दिवस हात वर करून उभी होती.

“मग सरळ सांगायचं होतंस,” मी म्हटलं. रागानेच म्हटलं. राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. “हेल्मेटने काय होणार होतं त्या झाकणापुढे?”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “रोज वाटायचं, आज सांगते. मग हे उठायचे, चहा प्यायचे, हसायचे. माझी जीभ उचलायची नाही.”

मी मधल्या खुर्चीवर सरकलो. ती रडली नाही. माझं मनगट मात्र असं धरलं की बोटांचे वळ उठले.

सर्जनबाई आल्या तेव्हा टोपी हातात होती आणि कपाळावर खिडकीच्या कडेचा लाल वळ. गाठ निघाली. प्लीहा वाचली. गाठ काढल्यानंतर थोड्याच वेळात साखर आपली आपण वर चढायला लागली, तीच खरी खूण. जाता जाता म्हणाल्या, “शुद्धीवर आले की सांगा त्यांना. खालच्याने एकदा थांबवलं. मी थांबले.”

पहिले काही दिवस साखर उलट चढीच राहिली. इतकी वर्षं झोपलेलं बाकीचं स्वादुपिंड जागं व्हायला वेळ घेतं म्हणे. दाजींचंच ते, सावकाश काम करणार. मग घरी आले. पहिल्या पहाटे ताई सवयीने वाटी-चमचा घेऊन उभी राहिली, तर पलंग रिकामा.  धावत गेली तर हे स्वयंपाकघरात गॅस पेटवून चहा टाकत होते आणि म्हणाले, “एवढ्या लवकर का उठतेस तू?” हे तिने मला सांगितलं तेव्हा मात्र रडली.

तपासण्या झाल्या, दाखले झाले, फोरमनने नाक मुरडून झालं, आणि दाजींना केबिन परत मिळाली. मला कोणी काही विचारलं नाही. दाजींनीही नाही. त्या सकाळी मी स्टोअरमध्ये जायला निघालो आणि पाय शेडकडे वळले. ठरवून वळले म्हणणार नाही. झाकण पडलेलंच होतं. मी पट्टे बांधले. दोन-दोनदा ओढून बघितले.

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

मी जागच्या जागी गोठलो. दाजी शिडी चढून आत बसलेसुद्धा होते. मी फोन कानाला लावला.

“हेल्मेट घातलंस का?”

 “किती वेळा पाजलंस?” मी विचारलं. “खरं सांग.”

“एकदाही नाही. शपथ.”

“मग फोन कशाला केलास?”

“ह्यांच्यासाठी नाही केला,” ती म्हणाली. “तू घाबरला असशील, म्हणून केला.”

मी फोन खिशात टाकला. वर बघितलं. काचेमागे दाजी बसले होते, दोन्ही हात लिव्हरवर, अजिबात न हलता, माझ्या हाताकडे बघत. संध्याकाळपर्यंत बसले असते तसेच. मी बाजूला झालो आणि हात वर केला. झाकण उठलं आणि हळूहळू सरकायला लागलं. खांबापर्यंत पोहोचायच्या कितीतरी आधी, वाट मोकळी असताना, मी मूठ आवळून हात वर केला.

झाकण थांबलं.

दाजींनी केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढली. “काय झालं, मेव्हणे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “चालू द्या.”